वॉशिंग्टनचा निरोप होनोलुलूला कसा पोचला : पर्ल हार्बरचे प्रकरण

७ डिसेंबर १९४१, रविवार. होनोलुलूतल्या आर.सी.ए. या खाजगी तार कंपनीच्या कार्यालयात सकाळी ७ वाजून ३३ मिनिटांनी एक सांकेतिक तार आली. पाठवणारे होते अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल जॉर्ज मार्शल. ती जायची होती हवाई बेटांवरच्या लष्कराचे प्रमुख लेफ्टनंट जनरल वॉल्टर शॉर्ट यांच्याकडे. ७ वाजून ५५ मिनिटांनी, म्हणजे तार आल्यावर अवघ्या बावीस मिनिटांत, होनोलुलूजवळच्या पर्ल हार्बर या आरमारी तळावर जपानी बॉम्ब पडायला लागले. तारेचा उलगडलेला मजकूर शॉर्ट यांच्या हाती आला तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. त्या हल्ल्यात २,४०३ अमेरिकी माणसे गेली, त्यांपैकी १,१७७ एकट्या ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेवरची.

पर्ल हार्बरवर वाद घालणारे बहुतेक जण ‘वॉशिंग्टनला आधीच कळले होते का?’ या एकाच प्रश्नापाशी घुटमळतात. वॉशिंग्टनमधल्या कोणत्याही कागदावर ‘हल्ला पर्ल हार्बरवर होणार’ असे लिहिलेले नव्हते, आणि त्या वादाला माझ्या लेखी तेवढे उत्तर पुरे आहे. मात्र हवाईतल्या दोन सेनाधिकाऱ्यांना खडबडून जागे करील इतका ऐवज वॉशिंग्टनच्या कपाटांत नक्की होता. तो कोणाला दाखवायचा, कसा पोचवायचा, पोचल्याची खात्री कोणी करायची, हे ठरवणारी पद्धतच मुळात फसलेली होती. सैन्यातल्या माहितीच्या वाटपाचा अभ्यास करणाऱ्याने हे प्रकरण तारीखवार, घड्याळ समोर ठेवून वाचायला हवे.

कुलूपबंद पिशवी

जपानचे परराष्ट्र खाते आपले सर्वांत गुप्त संदेश ज्या यंत्रावर सांकेतिक करत असे, त्याला अमेरिकनांनी ‘पर्पल’ असे नाव दिले होते. ते यंत्र एकाही अमेरिकी माणसाने पाहिलेले नव्हते. केवळ पकडलेले संदेश ताडून पाहत विल्यम फ्रीडमन यांच्या हाताखालच्या लष्करी गटाने सप्टेंबर १९४० मध्ये त्याचे कोडे सोडवले आणि त्याची नक्कल करणारे यंत्र बनवले. या कामातून हाती येणाऱ्या मजकुराला ‘मॅजिक’ म्हणत. असे यश सैन्याच्या इतिहासात क्वचित लाभते. अडचण पुढेच होती, कारण हे यश वापरायचे कसे याची तयारी कोणी केलेली नव्हती.

लष्कर आणि नौदल यांना एकमेकांवर विसंबायचे नव्हते आणि श्रेयही सोडायचे नव्हते. म्हणून वाटणी झाली ती तारखेवर. विषम तारखेचे संदेश नौदलाने उलगडायचे, सम तारखेचे लष्कराने. व्हाइट हाउसला कागद पोचवण्याचे कामही दोघांनी महिन्याआड वाटून घेतले. त्यातच राष्ट्राध्यक्षांच्या लष्करी सहायकाच्या कचऱ्याच्या टोपलीत मॅजिकचा एक कागद सापडला, आणि लष्कराने १९४१ च्या वसंतात व्हाइट हाउसला हे कागद देणेच थांबवले. सरसेनापती स्वतः राष्ट्राध्यक्ष, आणि त्यांच्यापर्यंत माहिती जाते की नाही हे ठरणार टोपलीतल्या एका कागदावरून!

बाकीच्या ठिकाणी वाटप होत असे ते असे. उलगडलेले आणि भाषांतरित केलेले कागद कुलूपबंद पिशवीत घालायचे. नौदलाकडून लेफ्टनंट कमांडर आल्विन क्रेमर आणि लष्कराकडून कर्नल रूफस ब्रॅटन यांनी ती पिशवी घेऊन ठरलेल्या मोजक्या दारांवर जायचे. परराष्ट्रमंत्री, युद्धमंत्री, नौदलमंत्री, लष्करप्रमुख, नौदलप्रमुख, दोन्ही दलांच्या युद्धयोजना आणि गुप्तवार्ता विभागांचे प्रमुख, एवढीच काय ती यादी. साहेबांनी पिशवी उघडायची, क्रेमर किंवा ब्रॅटन समोर उभे असताना वाचायचे, आणि कागद परत द्यायचे. प्रत ठेवायची नाही, टिपण काढायचे नाही. कार्यालयात एक प्रत ठेवून बाकीच्या जाळून टाकल्या जात.

गुप्ततेच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष वाटते. ती खरोखर आवश्यकही होती, कारण पर्पल फुटल्याची कुणकुण जपानला लागली असती तर त्यांनी यंत्रच बदलले असते. एप्रिल १९४१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या जर्मन दूतावासाकडून तशी शंका बर्लिनमार्गे तोक्योला पोचलीही होती. जपान्यांनी चौकशी केली आणि आपले यंत्र सुरक्षित आहे असा समज करून घेतला, म्हणून निभावले. ही भीती खरी होती, हे विसरून त्या अधिकाऱ्यांना नावे ठेवणे बरोबर नाही.

पण पद्धतीचा तोटा फार खोल होता. कामाच्या गर्दीत उभ्या उभ्या वाचलेला कागद परत गेला की हाताशी काहीच उरत नसे. सप्टेंबरचा संदेश आणि डिसेंबरचा संदेश शेजारी ठेवून पाहणे कोणालाच शक्य नव्हते. सगळे कागद एकत्र वाचून त्यांचा अर्थ लावणारे एकही कार्यालय नव्हते. ज्या दोघांना मजकूर खरोखर कळत होता ते क्रेमर जपानीचे जाणकार आणि ब्रॅटन लष्कराच्या अतिपूर्व शाखेचे प्रमुख. त्या दोघांचा निम्मा दिवस टपालवाल्याचे काम करण्यात जात होता.

यादीत आणखी एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे हवाई. फिलिपिन्समध्ये पर्पलचे यंत्र होते. ब्रिटनलाही यंत्रे दिली गेली होती. प्रशांत महासागरातला अमेरिकेचा सगळा मुख्य आरमारी ताफा ज्या बंदरात होता, तिथे मात्र यंत्र नव्हते. ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल हज्बंड किमेल यांना जुलै १९४१ मध्ये मॅजिकमधले काही मजकूर कळवले गेले, आणि मग ते थांबले. थांबले हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यामुळे आपल्याला जे कळायला हवे ते वॉशिंग्टन कळवतेच आहे, या समजात किमेल राहिले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सर्वांत घातक चूक हीच. आपल्याला काही कळत नाही हे ठाऊक असलेला सेनापती चौकशी तरी करतो. सगळे कळते आहे असे समजणारा निर्धास्त राहतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला नौदलाने किमेल यांना कळवले की जपानने काही वकिलातींना ‘पर्पल’ यंत्रे नष्ट करण्याचे हुकूम दिले आहेत. किमेल यांनी आपले गुप्तवार्ता अधिकारी एडविन लेटन यांना विचारले, हे पर्पल म्हणजे काय? लेटन यांनाही ते माहीत नव्हते. त्यांना इकडे तिकडे विचारून उत्तर आणावे लागले.

हवाईत पकडलेला, हवाईला न कळलेला संदेश

२४ सप्टेंबर १९४१ रोजी तोक्योहून होनोलुलूच्या जपानी वकिलातीला एक संदेश गेला. पर्ल हार्बरच्या पाण्याचे पाच भाग पाडा आणि कोणत्या भागात कोणती जहाजे आहेत हे त्या हिशेबाने कळवा, असे त्यात म्हटले होते. जहाजे बंदरात आहेत की नाहीत एवढे विचारणे निराळे, आणि धक्क्याला नेमकी कुठे लागली आहेत हे विचारणे निराळे. दुसरी माहिती बॉम्ब टाकणाऱ्याच्या उपयोगाची.

हा संदेश हवेतून टिपला तो पर्ल हार्बर ज्यावर आहे त्या ओआहू बेटावरच, फोर्ट शाफ्टरच्या लष्करी ठाण्याने. शॉर्ट यांचे मुख्यालयही फोर्ट शाफ्टरलाच होते. पण ठाण्याचे काम फक्त टिपायचे. मजकूर उलगडायला वॉशिंग्टनला पाठवायचा, आणि तोही टपालाने. तो तिथे ६ ऑक्टोबरला पोचला, ९ ऑक्टोबरला त्याचे भाषांतर झाले. ब्रॅटन यांना त्यात काही वेगळे जाणवले. नौदलात काहींनी निष्कर्ष काढला की जपानी हेर आपले अहवाल आटोपशीर करू पाहत असतील. पिशवी फिरली, ठरलेल्या लोकांनी वाचले, कागद परत आले. ज्यांच्या जहाजांची आणि विमानांची ही मोजदाद चालली होती त्या किमेल आणि शॉर्ट यांना तो मजकूर कधीच कळवला गेला नाही. किमेल अखेरपर्यंत सांगत राहिले की हा एक संदेश हाती आला असता तर मी वेगळा वागलो असतो. तसे झाले असते का, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. पण वेगळे वागण्याची संधी त्यांना मिळायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

इशारा दिला, अर्थ भलताच लागला

२७ नोव्हेंबरला दोन इशारे सुटले. किमेल यांना नौदलाकडून आलेल्या संदेशाची सुरुवातच अशी होती की हा युद्धाचा इशारा समजावा. हल्ल्याच्या संभाव्य जागा म्हणून फिलिपिन्स, थायलंड किंवा क्रा द्वीपकल्प, बोर्निओ यांची नावे होती. हवाईचे नाव नव्हते. शॉर्ट यांना लष्कराकडून आलेला संदेश अधिकच गोंधळात टाकणारा होता. जपानशी चाललेल्या वाटाघाटी जवळपास संपल्या आहेत, शत्रू कोणत्याही क्षणी कारवाई करू शकतो, पण पहिले पाऊल जपानने उचललेले बरे, टेहळणी करा, मात्र नागरिकांत घबराट होऊ देऊ नका. आणि शेवटी एक सूचना : ही अतिगुप्त माहिती अत्यावश्यक अशा कमीत कमी अधिकाऱ्यांनाच द्या.

एकाच कागदात ‘सज्ज व्हा’ आणि ‘कोणाला कळू देऊ नका’. त्याच दिवशी लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाकडून घातपाताबद्दलचा वेगळा संदेशही आला. शॉर्ट यांनी सगळ्याचा अर्थ लावला तो घातपात असा. हवाईत जपानी वंशाची वस्ती मोठी होती, आणि शॉर्ट यांची खरी भीती तीच होती. त्यांनी विमाने मोकळ्यावर एकमेकांना चिकटून उभी करवली, म्हणजे पहारा ठेवायला सोपे. हवेतून येणाऱ्या शत्रूला याहून सोयीचे लक्ष्य मिळाले नसते.

शॉर्ट यांनी काय केले ते लपवले नव्हते. संदेशात घेतलेले उपाय कळवा म्हटले होते, त्याप्रमाणे त्यांनी लगेच उत्तर पाठवले : घातपात रोखण्यासाठी विभाग सज्ज, नौदलाशी संपर्क आहे. हे उत्तर वॉशिंग्टनला पोचले. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी त्यावर आद्याक्षरे केली. युद्धयोजना विभागाचे प्रमुख लेनर्ड गेरो यांना वाटले की हे गुप्तवार्ता विभागाच्या घातपाताच्या संदेशाला आलेले उत्तर असेल. दहा दिवस गेले, ‘तुम्ही फक्त घातपाताचीच तयारी केलीत का?’ एवढे कोणी विचारले नाही. गेरो यांनी पुढे ही जबाबदारी आपली असल्याचे चौकशीत मान्य केले.

आपल्याकडे कचेऱ्यांत पत्राची पोच घेतात, आवक-जावक नोंदवहीत क्रमांक पडतो आणि काम झाले असे सगळे समजतात. इथे पोच तर होतीच, सहीसुद्धा होती. पोच वाचून, पाठवलेले आणि समजलेले एकच आहे का हे ताडून पाहणारा माणूस नव्हता.

हवाईतही तीच तऱ्हा. किमेल आणि शॉर्ट यांचे संबंध चांगले होते, त्या रविवारी सकाळी दोघे गोल्फ खेळणार होते. पण नौदल लांबवरची हवाई टेहळणी करत नाही हे शॉर्ट यांना ठाऊक नव्हते, आणि लष्कर फक्त घातपाताच्या तयारीत आहे हे किमेल यांना ठाऊक नव्हते. मैत्री होती म्हणून विचारपूस झाली नाही, असेही म्हणता येईल.

शनिवार रात्र ते रविवार दुपार

६ डिसेंबरला वाटाघाटींतले जपानचे लांबलचक उत्तर तोक्योहून वॉशिंग्टनच्या जपानी दूतावासाकडे येऊ लागले. चौदा भागांपैकी तेरा संध्याकाळपर्यंत उलगडले. रात्री क्रेमर पिशवी घेऊन निघाले, मोटार त्यांच्या पत्नी चालवत होत्या. व्हाइट हाउसमध्ये लेफ्टनंट लेस्टर शुल्झ यांनी कागद राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापुढे ठेवले. ते वाचून रूझवेल्ट आपले सल्लागार हॅरी हॉपकिन्स यांना म्हणाले, याचा अर्थ युद्धच. त्यांनी नौदलप्रमुख ॲडमिरल हॅरल्ड स्टार्क यांना फोन लावायला सांगितला. स्टार्क नाटकाला गेले होते. भर नाट्यगृहातून नौदलप्रमुखांना उठवून नेले तर लोकांत उगाच खळबळ होईल म्हणून राष्ट्राध्यक्षांनी तो विचार सोडला. मार्शल यांच्यापर्यंत ते तेरा भाग त्या रात्री पोचलेच नाहीत.

रविवारी सकाळी चौदावा भाग आला, आणि त्याच्या मागोमाग एक छोटा हुकूम : हे उत्तर अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांना दुपारी बरोबर एक वाजता द्या. रविवार, आणि एक वाजताची ठरीव वेळ. ब्रॅटन यांना नऊच्या सुमारास हा कागद मिळाला आणि ते हादरले. वॉशिंग्टन तेव्हा होनोलुलूच्या साडेपाच तास पुढे होते, म्हणजे वॉशिंग्टनची दुपारची एक ही होनोलुलूची सकाळची साडेसात. क्रेमर यांनीही नौदलात हा हिशेब मांडून दाखवला. कळायला हवे ते कळलेली माणसे होती, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

ब्रॅटन यांनी मार्शल यांच्या घरी फोन केला. जनरल नेहमीप्रमाणे घोड्यावरून रपेटीला गेले होते. त्यांचा उलट फोन यायला साडेदहा झाले. ते कार्यालयात आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. टेबलावर चौदा भागांचा गठ्ठा होता, मार्शल यांनी तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला. ब्रॅटन मध्ये बोलायचा प्रयत्न करत होते, एक वाजताचा कागद आधी पाहा म्हणून. लष्करप्रमुखांच्या वाचनात कर्नलने किती खोडा घालायचा! मार्शल शेवटापर्यंत वाचून मग त्या कागदाशी आले. तो वाचल्यावर मात्र त्यांनी क्षणही दवडला नाही. हाताने मजकूर लिहिला : जपानी आज दुपारी एक वाजता, पूर्व अमेरिकेच्या वेळेनुसार, जवळपास निर्वाणीचा खलिता देत आहेत, आपले सांकेतिक यंत्र ताबडतोब नष्ट करण्याचेही त्यांना हुकूम आहेत, या वेळेचे नेमके महत्त्व आम्हांला माहीत नाही, पण त्या दृष्टीने सावध राहा.

स्टार्क यांना फोन झाला. ते आधी म्हणाले, इशारे पुष्कळ देऊन झाले आहेत. मग लगेच त्यांचा परत फोन आला, नौदलालाही कळवा एवढे वाक्य जोडा. आणि हवी तर आमची बिनतारी यंत्रणा वापरा, ती जलद आहे. मार्शल यांनी आभार मानून नको म्हटले. टेबलावर गुप्तता राखणारा फोनही होता. तो त्यांनी वापरला नाही, कारण संभाषण चोरून ऐकले जाण्याची भीती त्यांना वाटत होती.

फिलिपिन्स, हवाई, पनामा आणि सॅन फ्रान्सिस्को अशा चार ठिकाणी हा संदेश जायचा होता. अग्रक्रम द्यायची वेळ आली तर फिलिपिन्स आधी, असे गेरो यांनी सांगितले. ब्रॅटन कागद घेऊन कर्नल एडवर्ड फ्रेंच यांच्या संदेश केंद्रात गेले. मार्शल यांचे अक्षर लागेना, तेव्हा ब्रॅटन यांनीच ते वाचून दाखवले आणि मजकूर टंकलिखित झाला. किती वेळ लागेल, असे मार्शल यांनी त्यांना परत पाठवून विचारले. तीस ते चाळीस मिनिटे, असे उत्तर मिळाले.

या उत्तरात एक गोष्ट राहून गेली. लष्कराच्या बिनतारी यंत्रणेचा होनोलुलूशी संपर्क साडेदहापासून हवामानामुळे तुटला होता. फ्रेंच यांनी अनुभवी अधिकाऱ्याप्रमाणे पर्याय काढला : वेस्टर्न युनियनच्या तारेने सॅन फ्रान्सिस्को, तिथून आर.सी.ए.च्या जास्त ताकदीच्या बिनतारी केंद्रावरून होनोलुलू. १२ वाजून १७ मिनिटांनी तार निघाली. आपला निरोप खाजगी तारेने गेला आहे हे मार्शल यांना कोणी कळवले नाही. त्यांनी ‘किती वेळ’ विचारले होते, ‘कोणत्या मार्गाने’ विचारले नव्हते.

पुढचा प्रवास साधा आणि म्हणूनच फार बोचणारा आहे. ७ वाजून ३३ मिनिटांना होनोलुलूत आलेल्या तारेच्या पाकिटावर ‘तातडीचे’ अशी कोणतीही खूण नव्हती, फक्त सेनाप्रमुखांचा पत्ता. ते नेहमीच्या तारांच्या गठ्ठ्यात गेले. जपानी वंशाचा एक तरुण निरोप्या मोटारसायकलवरून तो गठ्ठा घेऊन निघाला. वाटेत आकाशात विमाने, जमिनीवर स्फोट, आणि घाबरलेल्या सैनिकांचे अडथळे. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्या दिवशी त्याला कोण सहज सोडणार? तरी तो फोर्ट शाफ्टरला पोचला, सकाळी पावणेबारा वाजता. त्या धुमश्चक्रीत मजकूर उलगडून वर जायला दुपारचे २ वाजून ५८ मिनिटे झाली. प्रत किमेल यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी ती कागदाच्या टोपलीत टाकली. वरातीमागून घोडे म्हणतात ते इतक्या शब्दशः खरे ठरलेले मला तरी दुसरे ठाऊक नाही.

त्याच सकाळी, त्याच बेटावर

सगळा दोष समुद्रापलीकडच्या वॉशिंग्टनवर टाकून चालणार नाही. सकाळी पावणेसातला बंदराच्या तोंडाशी ‘वॉर्ड’ या विनाशिकेने एक छोटी पाणबुडी बुडवली आणि ६ वाजून ५३ मिनिटांना तसे कळवले. खात्री करून घ्या, पुन्हा विचारा असे करत ही बातमी किमेल यांच्याकडे ७ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास पोचली. लष्कराला ती सांगितलीच गेली नाही.

७ वाजून २ मिनिटांना बेटाच्या उत्तरेकडच्या ओपाना इथल्या रडारवर जोसेफ लॉकर्ड आणि जॉर्ज एलियट या दोन जवानांना १३० मैलांहून अधिक अंतरावर विमानांचा मोठा थवा दिसला. रडारची वेळ सातला संपत होती. न्याहारीला नेणारा ट्रक आला नाही म्हणून ते थांबले होते. त्यांनी फोर्ट शाफ्टरच्या माहिती केंद्राला फोन केला. केंद्रातली मंडळी सातला उठून गेली होती. उरले होते लेफ्टनंट कर्मिट टायलर, तिथल्या कामावर त्यांची ती दुसरी पाळी. कॅलिफोर्नियाहून आपलीच बारा बी-१७ बॉम्बफेकी विमाने येणार हे त्यांना माहीत होते. त्यांनी सांगितले, काळजी करू नका. नौदलाचा कोणी संपर्क अधिकारी त्या केंद्रात नेमलेलाच नव्हता. ही विमाने आपली की परकी, हे सांगू शकणारा माणूस त्या खोलीत असण्याची सोयच नव्हती. टायलर यांना बळीचा बकरा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ओपानाच्या नोंदीत आणखी एक मोलाची गोष्ट होती. विमाने उत्तरेकडून आली होती. हल्ल्यानंतर हे तरी लगेच नौदलाला कळायला हवे होते. किमेल यांना ते कळले काही दिवसांनी. तोवर जपानी विमानवाहू जहाजांना शोधायला गेलेल्या नौका दक्षिणेकडे समुद्र धुंडाळत होत्या.

पिशवी तीच, फिरण्याची वाट निराळी

ब्रिटिशांकडेही याच सुमारास असेच गुपित होते, जर्मन संदेशांचे ‘अल्ट्रा’. फ्रेडरिक विंटरबॉथम यांनी १९४० मध्ये त्यासाठी खास संपर्क तुकड्या उभ्या केल्या. या छोट्या तुकड्या थेट रणांगणावरच्या मुख्यालयांत बसत. मजकूर आला की तिथेच उलगडायचा, ठरलेल्या सेनापतीला हातोहात द्यायचा, त्याने वाचून परत करायचा आणि तो नष्ट करायचा. वाचून परत घेण्याचा नियम दोघांकडे सारखाच. ब्रिटिशांची पिशवी मात्र लढणाऱ्याच्या तंबूपर्यंत जात होती. गुपित फुटू नये म्हणून त्यांनी ऐकणाऱ्यावर बंधने घातली. अल्ट्रा माहीत असलेल्याने पकडले जाण्याचा धोका असलेल्या जागी जायचे नाही, आणि अल्ट्रावरून हल्ला करायचा असेल तर आधी टेहळणी विमान पाठवून शत्रूला दुसरे कारण दाखवायचे. गुप्तता आणि वाटप यांत एकच काहीतरी निवडावे लागते, हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही.

अमेरिकनांनीही धडा लवकर घेतला. स्टिमसन यांनी जानेवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे वकील आल्फ्रेड मॅकॉर्मॅक यांना हे सगळे तपासायला बसवले. सुटे कागद नुसते फिरवून भागत नाही, कोणीतरी बसून ते एकत्र वाचून त्यांचा अर्थ लावून द्यायला हवा, असे मॅकॉर्मॅक यांचे म्हणणे होते. त्यातून कर्नल कार्टर क्लार्क यांच्या हाताखाली एक खास शाखा उभी राहिली आणि रोजचा सुसंगत सारांश निघू लागला.

आणि लेटन? ज्यांना ‘पर्पल’ म्हणजे काय हे विचारत फिरावे लागले तेच एडविन लेटन सहा महिन्यांनी नव्या ताफाप्रमुखांशी, चेस्टर निमिट्झ यांच्याशी, रोज समोरासमोर बोलत होते. पर्ल हार्बरच्याच एका तळघरात जोसेफ रॉशफोर्ट यांचा गट जपानी नौदलाचे संदेश उलगडत होता. शत्रूच्या संदेशांतले ‘एएफ’ म्हणजे प्रशांत महासागरातले अमेरिकेचे मिडवे बेट का, हे पाहण्यासाठी मिडवेवरून पाणी शुद्ध करायचे यंत्र बिघडल्याचा उघड संदेश पाठवायला लावला गेला. लवकरच जपानी संदेशात आले, एएफवर पाण्याची टंचाई आहे. ४ जून १९४२ ला जपानी विमाने कुठून, किती अंतरावर, किती वाजता दिसतील याचा लेटन यांनी निमिट्झ यांना दिलेला अंदाज जवळपास तंतोतंत उतरला. माणसे बरीचशी तीच, बंदर तेच. माहिती तयार होण्याची जागा आणि निर्णय घेणाऱ्याची खुर्ची यांतले अंतर मात्र एका जिन्याइतके उरले होते.

कारगिलची यादी

हे सगळे परक्या मुलुखातले आणि जुने वाटत असेल तर कारगिल आढावा समितीचा अहवाल उघडावा. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीने नोंदवले आहे की जून १९९८ मध्ये गुप्तवार्ता विभागाच्या, म्हणजे आयबीच्या संचालकांनी नियंत्रण रेषेपलीकडच्या हालचालींविषयी स्वतःच्या सहीने पत्र पाठवले होते. ते पंतप्रधान, गृहमंत्री, मंत्रिमंडळ सचिव, गृहसचिव आणि लष्करी कारवाई महासंचालक यांना गेले. ज्यांचा या माहितीशी सर्वांत जवळचा संबंध, ते रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक यांची नावे पत्त्यांत नव्हती. वरून खाली झिरपत माहिती त्यांच्यापर्यंत जाईल, अशी आपली अपेक्षा होती असे संचालकांनी सांगितले. रॉच्या सचिवांपर्यंत ती झिरपली नाही, आणि तेव्हा संयुक्त समितीच्या अध्यक्षपदाचा अतिरिक्त भारही त्यांच्याकडेच होता. अशी पत्रे संबंधित सर्वांना थेट जायला हवीत, असे समितीने स्पष्ट म्हटले. या अहवालानंतर संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि मल्टी एजन्सी सेंटर उभे राहिले. पत्त्यांची यादी करणे हे कारकुनाचे काम मानले जाते. ते सेनापतीच्या कामाइतकेच जोखमीचे आहे, हे इथे आपल्याच घरात दिसते.

ठपका

किमेल आणि शॉर्ट यांना हल्ल्यानंतर दहा दिवसांतच पदांवरून दूर केले गेले, आणि हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉबर्ट्स आयोगाने जानेवारी १९४२ मध्ये कर्तव्यच्युतीचा ठपका त्यांच्यावर ठेवला. मागाहून अनेक चौकशा झाल्या. सर्वांत मोठी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या संयुक्त समितीची, तिच्या सुनावणीचे ३९ खंड आहेत. तिने १९४६ मध्ये पंचवीस तत्त्वे मांडली. त्यांतले एक तत्त्व असे की अतिगोपनीय माहिती मोजक्या अधिकाऱ्यांपुरती ठेवणे पुष्कळदा आवश्यक असले, तरी संस्थेच्या कामालाच बाध येईल इतके ते ताणू नये.

दोन्ही सेनापती निर्दोष होते असे मला वाटत नाही. युद्धाचा इशारा हातात असताना शॉर्ट यांनी विमाने दाटीने उभी केली आणि किमेल यांनी रडार चालू आहे का एवढेही विचारले नाही. पण हवाईचे चुकले ते हिशेबात धरले आणि पिशवी, टपाल, न विचारलेला प्रश्न, खाजगी तार हे बाजूला ठेवले, तर न्याय झाला असे म्हणता येत नाही.

शॉर्ट १९४९ मध्ये वारले, किमेल १९६८ मध्ये. किमेल यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी हे प्रकरण सोडले नाही. १९९५ मध्ये संरक्षण उपमंत्री एडविन डॉर्न यांच्या अहवालाने जबाबदारी या दोघांपुरती नसून अनेकांची असल्याचे म्हटले. मे १९९९ मध्ये सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, ५२ विरुद्ध ४७ मतांनी किमेल आणि शॉर्ट यांच्या बाजूने ठराव केला. २००० सालच्या संरक्षण कायद्यात काँग्रेसने लिहिले की उपलब्ध असलेली आवश्यक गुप्तवार्ता या दोघांना पुरवली गेली नव्हती, आणि निवृत्तांच्या यादीत त्यांना युद्धकाळातला वरचा हुद्दा द्यावा अशी राष्ट्राध्यक्षांना विनंती केली. आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाने त्यावर सही केलेली नाही.